तीनदा विचारायची रीत

माझ्या स्वतःच्या घरात, गव्हाची कोठी काठोकाठ भरलेली असताना, मी पाच आठवडे अर्धपोटी राहिले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली तर लोक हसतात. मुलगाही हसला होता. हसोत बापडे. मला तेव्हा हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. नुसता संताप यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

फेब्रुवारीत अंगणात कपडे वाळत घालताना माझा पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, घरी पाठवलं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मला वॉकर धरून पुन्हा चालायला शिकायचं होतं. मुलगा एकुलता एक आणि पुण्याला असतो, अकराव्या मजल्यावर. त्याने दवाखान्यातच मला अट घातली. सहा आठवडे बघू, म्हणाला. तब्येत सुधारली तर इथे राहा, नाही तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर चलायचं. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण उज्जैनला फ्रीगंजच्या मागच्या गल्लीतलं हे तीन खोल्यांचं घर नवरा गेल्यानंतर मी एकटीने उभं केलं आहे. याची प्रत्येक खिडकी कुठे असावी हे मी ठरवलं. पुण्याच्या घरात मला चहा कधी मिळणार हेसुद्धा दुसरं कुणी ठरवतं. मला तिथे जायचं नव्हतं. त्या सहा आठवड्यांत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आमचे पूर्वज शिंद्यांच्या दप्तरात कारकून म्हणून माळव्यात आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी माळवी, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही जमतं. मी छत्तीस वर्षं सरकारी कन्याशाळेत गणित शिकवलं, तेही हिंदीत. महाकालाच्या दर्शनाला आलेले तेलुगू, बंगाली, गुजराती लोक रस्ता विचारतात तेव्हा मी त्यांना बरोबर देवास गेटच्या बसपर्यंत पोचवते. भाषेची अडचण इतरांना येते, मला नाही, असा माझा पक्का समज होता.

इथल्या बायका आता चोवीस तास राहायला तयार नसतात. मुलाने सेविका पुरवणाऱ्या इंदूरच्या एका सेंटरला फोन केला आणि त्यांनी तिला पाठवलं. नेपाळच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली, चाळिशीची, बुटकी, मजबूत हाडापेराची बाई. मला बिछान्यावरून उचलून उभं करायची तेव्हा जराही धापा टाकायची नाही. हिंदी तीन वर्षांत शिकलेली, म्हणजे औषधं, अंघोळ, जेवण आणि फोन एवढ्यापुरती. मला ती ‘आमा’ म्हणायची. नेपाळीत आमा म्हणजे आई. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं की मला मॅडम म्हण, सगळं उज्जैन मला मॅडम म्हणतं. ती ‘हजुर’ म्हणाली आणि पाच मिनिटांनी पुन्हा आमा म्हणाली.

हा ‘हजुर’ माझ्या डोक्यात जायचा. तिच्याकडे हो म्हणण्याची ती साधी पद्धत होती, पण मला ती थट्टा वाटायची. काहीही सांगा, उत्तर एकच. समजलं तरी हजुर आणि नाही समजलं तरी हजुर. वर्गात एखादी मुलगी प्रत्येक वाक्याला मान डोलवायला लागली की मी तिला हमखास फळ्यापाशी बोलवायची. इथे फळाही नव्हता आणि मला उठून उभंही राहता येत नव्हतं.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण दोष वाटून घ्यायचा तर सगळा तिच्या पदरात घालता येणार नाही. आमच्या घरात कुणी काही सरळ मागत नाही. खिडकी बंद करायची असेल तर ‘गार वारा सुटलाय नाही?’ असं म्हणायचं. चहा हवा असेल तर घड्याळाकडे बघून ‘चार वाजले वाटतं’ म्हणायचं. समोरचा माणूस उठतो आणि करतो. तिला मी हिंदीत विचारलं, ‘तुमको ठंड नहीं लग रही?’ ती म्हणाली, ‘नहीं आमा,’ आणि माझ्या पायाला तेल चोळत बसली. खिडकी सताड उघडी. मी मूग गिळून पांघरूण ओढून घेतलं.

पण खिडकीने कुणी मरत नाही. खरा घोळ जेवणाचा होता.

वाढणाऱ्याने पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, हे माझ्या आईने मला शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अगदी अर्धी’ म्हणायचं, पण ताटावर आडवा धरलेला हात काढायचा नाही. तिसऱ्यांदा विचारलं की हात काढायचा. पहिल्या हाकेला ताट पुढे करणारी मुलगी हावरट. पोट भरलं नाही असं तोंडाने सांगणं तर त्याहून वाईट, त्यात वाढणाऱ्याचा अपमान होतो. सासरी आले तर तिथेही हेच. माझ्या सासूबाई स्वभावाने कडक होत्या, पण आग्रहात कधी कमी पडल्या नाहीत. आणि हे आमचंच आहे असंही नाही. माळव्यात याला मनवार म्हणतात आणि इथले लोक आमच्या दोन पावलं पुढे आहेत. लग्नाच्या पंगतीत दोन माणसं तुमचे हात धरतात आणि तिसरा तुमच्या तोंडात लाडू कोंबतो. घड्याळाच्या टॉवरजवळचा पोहेवालासुद्धा शेव दोनदा विचारतो. एका विचारण्यावर थांबणारा माणूस मला या शहरात सत्तर वर्षांत भेटला नव्हता.

पहिल्या दुपारी तिने माझ्या पलंगाला लावलेल्या टेबलावर ताट ठेवलं. दोन फुलके, दुधीची भाजी, वरण, भात. हाताला चव होती, हे मान्य केलं पाहिजे. दवाखान्यातलं पांचट जेवून आलेली मी, फुलके बघता बघता संपले. ती पोळ्यांचा डबा घेऊन आली. ‘और रोटी, आमा?’

मी ताटावर हात धरला आणि म्हणाले, ‘नहीं नहीं, बस.’

ती हजुर म्हणाली, माझ्या हाताखालून अलगद ताट काढून घेतलं आणि गेली. मी तशीच बसले, उजवा हात खरकटा, बोटांना वरण. स्वयंपाकघरातून नळाखाली ताट घासल्याचा आवाज आला. मला आधी वाटलं, भात घेऊन परत येईल. आली ती हात धुवायला तांब्या घेऊन आली.

पहिला दिवस आहे, कळेल हळूहळू, असं मी स्वतःला समजावलं. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी मी जरा मऊ आवाजात नको म्हटलं, म्हणजे तिला कळावं की हे काही फार पक्कं नाही. तिने ताट उचललं. तिसऱ्या दिवशी मी फुलक्यांची स्तुती केली. फुलके किती छान झालेत, तुम्ही कसे करता, गहू आमच्या माळव्याचाच आहे, वगैरे. मला वाटलं, एवढं म्हटल्यावर कुणीही आणखी एक टाकेल. ती हसली, हजुर म्हणाली आणि ताट उचललं. चौथ्या दिवशी मी विचारलं, आज बरेच फुलके केलेत का? मनातल्या मनात, असतील तर वाया कशाला घालवायचे, हे पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, ‘नहीं आमा, गिन के बनाया.’ आठवड्याने तिच्या लक्षात आलं की मी दोनच्या वर घेत नाही. मग तिने तोंडाने विचारणं बंद केलं, नुसती डोळे वर करून बघायची. दोन फुलके यायचे आणि ताट परत जायचं.

पोटात कावळे ओरडायचे. बिस्किटांचा डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, आणि मला तिच्या आधाराशिवाय न्हाणीघरापर्यंत जायची परवानगी नव्हती. दुपारी पडल्या पडल्या मी शेजारच्यांच्या घरून येणारा फोडणीचा वास ओळखायची. आज मेथी, आज लसूण घातलेली डाळ. आयुष्यभर आकड्यांत रमलेली बाई मी, आणि आता संध्याकाळच्या ताटाला किती तास उरले त्याचं गणित करत बसायची.

तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं की मला आणखी एक दे. मीही रोज तेच ठरवायची. ती ताट घेऊन यायची तेव्हा वाक्य अगदी जिभेवर असायचं. आणि तिने डोळे वर करून माझ्याकडे बघितलं की माझ्या तोंडून ‘बस’ निघायचं. मला स्वतःचाच इतका राग यायचा की उशीवर बुक्की मारावीशी वाटे. मराठीत मी कधी भूक लागली असं म्हटलं नव्हतं, ते परक्या बाईपुढे हिंदीत कुठून म्हणणार?

मुलाला सांगावं तर तीही पंचाईत. त्याला म्हटलं असतं की मला जेवण पुरत नाही, तर त्याने दोन गोष्टी केल्या असत्या. आधी सेंटरला फोन करून तिला काढून टाकलं असतं आणि मग मला म्हणाला असता, बघ, तुला तिथे नाही जमत. तक्रार म्हणजे पुण्याचं तिकीट. म्हणून तो व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा मी गाल फुगवून हसायची.

पण तिच्याकडे सेंटरने दिलेली एक वही होती. औषधं, ताप, बीपी, जेवण, सगळं तिने त्यात लिहायचं आणि संध्याकाळी पानाचा फोटो मुलाला पाठवायचा. अक्षर सुंदर, शाळेतल्या मुलीसारखं गोल. ‘दो रोटी. आमा ने और नहीं लिया.’ रोज हेच, दोन वेळा. पुण्यात बसलेला मुलगा ते वाचायचा आणि मला विचारायचा, ‘आई, तू खात का नाहीस बरोबर?’ मी म्हणायची, ‘अरे खाते न मी. तू उगीच परेशान होऊ नको.’ तो म्हणायचा, ‘वहीत तर दुसरंच लिहिलंय.’ म्हणजे मी खोटी ठरले, आणि तिने लिहिलेला शब्दन् शब्द खरा होता.

याच सुमारास तिने हातमोजे घालायला सुरुवात केली. सेंटरने पातळ प्लास्टिकच्या हातमोज्यांचा एक खोका दिला होता, शौचाचं भांडं द्यायला, जखम पुसायला. ते ठीकच. पण आता ती स्वयंपाकही हातमोजे घालून करायला लागली, ताटही हातमोजे घालून आणायची, टेबलाच्या पार कडेला ठेवायची आणि मागे सरून दारात उभी राहायची. माझं जेवण संपेपर्यंत तिथेच, भिंतीला टेकून. मला ते बघून तिडीक जायची. मी आजारी, म्हणून तिला माझी किळस येते, असं मला वाटलं. इतकी किळस की जेवतानासुद्धा जवळ यायला नको. मीही मग मुद्दाम तिच्याकडे न बघता जेवायची आणि झालं की मान वळवून खिडकीकडे बघायची.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी शेजारीण आली. माळव्यातली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तोंडाची फटकळ. पातेलंभर डाळ आणि गरम बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, घेऊन. मी नको म्हणाले, तिने ऐकलंच नाही. पोट भरलंय म्हणाले, तर तिने स्वतःच्या गळ्याची शपथ घातली आणि तूप ओतलं. मी तीन बाफले खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं आहे असं मी तिला सांगितलं. आमची ही बाई दारातून सगळं बघत होती. संध्याकाळी तिने वहीत लिहिलं, ‘बगल वाली दीदी के हाथ से तीन बाफला खाया.’ आणि त्या दिवसापासून ती जवळजवळ बोलेनाशीच झाली. काम चोख. पाय चोळणं, व्यायाम, औषधं, एक मिनिट इकडेतिकडे नाही. पण तोंडातून ब्र नाही. आधी मधूनमधून ती गाणं गुणगुणायची तेही बंद.

तपासणीच्या दिवशी मुलगा पुण्याहून आला. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, हाड छान जुळतंय म्हणाले, चालून दाखवा म्हणाले, मी चालून दाखवलं. मग काट्यावर उभं केलं. ऑपरेशनच्या वेळी एकावन्न किलो होते, आता सत्तेचाळीस. डॉक्टरांनी चष्म्यावरून मुलाकडे बघितलं. या वयात असं वजन उतरणं बरं नाही, घरी लक्ष द्यायला कुणी आहे ना, असं त्यांनी विचारलं. रिक्षात बसल्यावर मुलगा म्हणाला, ‘आई, तू सामान लावून घे. शुक्रवारची गाडी बघतो.’ मी रस्त्याकडे बघत राहिले. पुलावर दर्शनाला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती आणि आमची रिक्षा तिच्यात अर्धा तास अडकून पडली.

घरी आल्यावर तिने दोघांना वाढलं. माझे दोन फुलके संपले. मुलाने डबा स्वतःच ओढून घेतला. ‘घे, आई.’ मी म्हणाले, ‘नको रे.’ ‘अर्धी तरी घे.’ ‘बरं, अर्धी.’ ‘अर्धीचं काय करणार, घे पूर्ण.’ मी हात काढला. मग आणखी एक. मग भात. आम्हा दोघांनाही काही वेगळं घडतंय असं वाटलं नाही, जन्मभर असंच जेवत आलोय. पाचव्या फुलक्याला त्याचा हात थांबला.

‘आई, तू तर मस्त जेवतेयस.’

मी घास गिळला.

तो दाराकडे वळला. ती नेहमीच्या जागी उभी होती, हातात ते मोजे. त्याने तिला हिंदीत विचारलं, आवाज चढवूनच, की तुम्ही यांना पोटभर जेवायला देता की नाही? ती आत गेली, वही घेऊन आली आणि त्याच्यासमोर टेबलावर उघडून ठेवली. पानांमागून पानं. ‘आमा ने और नहीं लिया.’ ‘आमा ने मना किया.’

‘आई, हिनी तुला विचारलं होतं?’ मुलाने मला मराठीत विचारलं.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. नाही म्हटलं तर तिची नोकरी जाणार होती. मला भूकच नसते म्हटलं तर माझं घर. मी जे होतं ते सांगितलं.

‘विचारलं होतं. एकदा.’

‘मग?’

‘एकदाच विचारल्यावर काय सांगणार?’

मग त्याने कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसायचा प्रयत्न केला. मग त्याने तिला समजावून सांगितलं, आमच्यात असं असतं, पहिल्यांदा नको म्हणतात, त्याचा अर्थ नको असा नसतो, आणखी दोनदा विचारायचं असतं. हिंदीत ते वाक्य इतकं वेडगळ वाटलं की मला माझ्या आईचीसुद्धा लाज वाटली.

ती हसली नाही.

‘भूख थी आमा को?’ तिने विचारलं.

‘होती,’ मी म्हणाले. मग हिंदीत म्हणाले, ‘थी.’

‘पाँच हफ़्ता?’

मी मान हलवली.

तिने हातमोजे काढले आणि वहीवर ठेवले. मग माझ्याकडे न बघता, मुलाकडेही न बघता, भिंतीशी बोलावं तसं ती बोलली. ‘मेरे को लगा आमा को मेरे हाथ का नहीं चलता. सेंटर वाले ने बोला था, पूजा-पाठ का घर है. आमा रोज थाली के ऊपर हाथ रखती थी. हमारे गाँव में बड़े घर के लोग ऐसे ही रखते हैं, हम पास जाएँ तो. फिर मैंने ग्लव्ज़ पहना. फिर भी नहीं खाया. बगल वाली दीदी के हाथ से तीन खाया.’

मुलाचं हसू तिथेच थांबलं.

‘ऐसा नहीं है,’ मी म्हणाले. लगेच म्हणाले. आणि म्हणता म्हणताच माझी जीभ अडखळली, कारण सासूबाई होत्या तेव्हा मोरीच्या खिडकीत दांडा तुटलेला एक कप असायचा. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा चहा त्यात दिला जायचा आणि तो कप घरातल्या कपांत कधी मिसळत नसे. सासूबाई गेल्या, तरी तो कप दोन-तीन वर्षं त्याच खिडकीत होता. तेव्हा घर माझ्या हातात होतं. तिला काय सांगणार होते मी? की माझा हात ताटावर होता तो वेगळ्या कारणाने होता, आणि मी फार चांगली बाई आहे? तीन भाषा येतात मला, आणि तिन्हींत मला तिच्यापुढे ठेवायला वाक्य सापडेना.

‘ऐसा नहीं है,’ मी पुन्हा म्हणाले.

ती ‘हजुर’ म्हणाली, आणि तिचा विश्वास बसलेला नाही हे मला स्पष्ट दिसलं.

मुलाने शुक्रवारची गाडी रद्द केली. एक महिना आणखी, म्हणाला, मग पुन्हा काट्यावर उभी राहा. जाताना दारात त्याने मला दम दिला, ‘आता तोंडाने मागायचं, आई. शपथ आहे.’ तो गेला त्या दिवशी संध्याकाळी तिने दोन फुलके आणले, मोजे न घालता. मी ते खाल्ले. मग मी डोळे मिटले आणि म्हणाले, ‘मुझे भूख है, और दो.’ कानशिलं तापली, चारचौघांत पदर सुटल्यासारखं झालं. तिने आणखी दोन आणले. हे वाक्य म्हणणं मला सोपं व्हायला पंधरा दिवस लागले. पूर्ण सोपं अजून झालेलं नाही. पण महिन्याअखेर काटा पन्नासावर आला आणि पुण्याचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही. घर राहिलं.

मला वाटलं, आता सगळं सुरळीत झालं. वॉकर सुटून हातात काठी आली, मी स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत जायला लागले. आणि तिथे जायला लागल्यावर मला दिसलं की ती माझं सगळं आवरल्यावर ओट्यामागे जमिनीवर बसून, भिंतीकडे तोंड करून जेवते. मला ते बघवेना. एका दुपारी मी टेबलावर दुसरं ताट मांडायला लावलं आणि तिला म्हटलं की माझ्याबरोबर बस, इथे, खुर्चीवर.

‘नहीं आमा, मैं बाद में.’

हे मला येत होतं. हे तर मी जन्मभर करत आले होते. मी म्हणाले, असं कसं, बस ना, अन्न गार होईल. ती नाही म्हणाली. मी खुर्ची ओढली, शेजारणीसारखी माझी शपथ घातली आणि तिसऱ्यांदा म्हणाले, बसलीच पाहिजेस.

ती बसली नाही, गेलीही नाही. माझ्यासाठी आणलेलं वरणाचं भांडं तिने टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

‘आमा, आप का घर है, आप के पास मेरा काम है. आप तीन बार बोलते हो तो मेरे को हुकुम लगता है. आप बताओ, ये हुकुम है?’

माझी काठी खुर्चीला टेकवली होती, ती घसरून खाली पडली. तिने वाकून उचलली आणि माझ्या हाताशी ठेवली, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

‘हुकुम नहीं है,’ मी म्हणाले.

‘तो फिर नहीं, आमा,’ ती म्हणाली, आणि आपलं ताट उचलून ओट्यामागे जेवायला गेली.